शब्दांवाचून कथा

श्रोतेहो, नागपूरची इतवारी म्हणजे सराफांची, कापडवाल्यांची आणि धान्याच्या अडत्यांची जुनी पेठ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, ह्याच पेठेत काळी आणि पिवळी अशा दोन मारबती मिरवत येतात आणि त्यांची भेट पाहावयास सारे शहर लोटते. इ. स. १८८० नंतरच्या दशकापासून ही चाल चालत आली आहे. मारबत म्हणजे बाळकृष्णाच्या प्राणावर उठलेली पूतना, अशी लोकांची समजूत आहे. त्या मिरवणुकीत ढोलताशे असतात, आरोळ्या असतात. पण पूतनेची कथा मात्र कोणी सांगत नाही. कोणा पुराणिकाने तेथे पोथी सोडलेली नसते, की कोणा कीर्तनकाराने आख्यान लावलेले नसते. तरीही बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला कळते की, ही पूतना, आणि हिला आता गावाबाहेर नेऊन जाळावयाचे आहे.

तेथे निदान डोळ्यांपुढे पुतळा असतो. तो पुतळा काढून घेतला, आरोळ्या बंद केल्या आणि केवळ वाद्ये ठेवली, तर कथा शिल्लक राहील काय? गायकाच्या मुखातील एकही शब्द न वापरता नुसत्या नादाने एखादे आख्यान ऐकणाऱ्याच्या मनात उभे करता येईल काय? ह्या प्रश्नाचा एक इतिहास आहे. त्याचे एक टोक अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीस देशात आहे, आणि दुसरे टोक आपल्या नागपूरकडच्या एका गायकाने इ. स. १९६७ मध्ये काढलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत आहे. आज ह्या दोन टोकांमधील वाट थोडक्यात चालून पाहावयाची आहे.

ग्रीस देशात डेल्फाय येथे अपोलो ह्या देवाचे मोठे क्षेत्र होते. कथा अशी की, त्या जागी पायथन नावाचा एक अजस्र सर्प राहात असे. अपोलोने बाणांनी त्याचा वध केला आणि ते स्थान आपले केले. आपणांस येथे कालियामर्दन आठवेल. परंतु आपल्या कृष्णाने कालियास जीवदान देऊन रमणक द्वीपास धाडले, ग्रीकांच्या देवाने तेवढी दया दाखविली नाही. ह्या विजयाच्या स्मरणार्थ डेल्फाय येथे उत्सव भरत आणि त्यात संगीताच्या स्पर्धा होत. इ. स. पूर्व ५८६ च्या उत्सवात आर्गॉस नगरीच्या साकादास नावाच्या वादकाने ऑलॉस ह्या वाद्यावर जय मिळविला. ऑलॉसला पुष्कळ लोक बासरी म्हणतात, परंतु ते खरे नव्हे. ते सनईच्या जातीचे, जिभलीचे वाद्य; मात्र त्याच्या दोन नळ्या एकाच वेळी तोंडात धरून वाजवीत असत.

साकादासाच्या नावाशी जी रचना जोडलेली आहे तिला पायथनचे नाव होते, आणि तिची मांडणी पुढच्या ग्रंथकारांनी नोंदवून ठेवली आहे. तिचे पाच भाग होते. पहिल्यात देव रणभूमीची पाहणी करतो. दुसऱ्यात सर्पास आव्हान देतो. तिसऱ्यात प्रत्यक्ष युद्ध होते. चौथ्यात देवाचा विजय प्रकट होतो. आणि पाचव्यात देव विजयाचे नृत्य करतो. युद्धाच्या भागात वादक आपल्या वाद्यातून सर्पाच्या दातखाण्याचा आवाज काढीत, आणि सर्प मरताना जो फूत्कार सोडतो तोही उंच स्वरांत उमटवीत. गीत नाही, पद नाही, अभिनय नाही. एक माणूस, दोन नळ्या आणि पाच प्रवेशांचे नाटक! पुराणकथेवर रचलेल्या केवळ वाद्यसंगीताचा ह्याहून जुना आणि इतका तपशीलवार दाखला सापडणे कठीण. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, त्या पहिल्या उत्सवात ऑलॉसच्या साथीने गाण्याचीही स्पर्धा होती. पण ते गाणे फार शोकाकुल आणि अशुभ वाटते म्हणून पुढच्या उत्सवापासून ती बंद करण्यात आली. गाणे गेले, वाद्य राहिले.

परंतु ह्यावरून ग्रीकांनी वाद्याला शब्दाच्या बरोबरीने मानले असे मात्र समजू नये. त्यांच्याच पुराणात मार्स्यसची कथा आहे. मार्स्यस हा रानात राहणारा ऑलॉसवादक. त्याने अपोलोशी पैज लावली. अपोलोच्या हाती तंतुवाद्य होते. पहिल्या फेरीत मार्स्यस सरस ठरला. तेव्हा अपोलोने दुसऱ्या फेरीत वाद्याबरोबर कंठही मिळविला आणि तो जिंकला. मार्स्यसने तक्रार केली की, पैज हाताच्या कसबाची होती, गळ्याची नव्हे. ती तक्रार कोणी मानली नाही, आणि बिचाऱ्याची जिवंतपणी कातडी सोलण्यात आली. कथा क्रूर आहे खरी. परंतु तिच्यात एका जुन्या वादाचे बीज आहे. शब्दाची साथ मिळालेल्या नादापुढे निःशब्द नादाने टिकावे कसे?

आपल्याकडेही निकाल ह्याहून फारसा निराळा नव्हता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. त्यात गीत, वाद्य आणि नृत्य अशी त्रयी सांगून त्याने वाद्याला गीताच्या मागे चालावयास लावले आहे, आणि नृत्याला वाद्याच्या मागे. आपल्या घराण्यांतील वादकही कालपरवापर्यंत आपल्या वादनाची थोरवी सांगताना ते गळ्यासारखे गाते असेच म्हणत आले. म्हणजे वाद्याची प्रशंसा करावयाची तीसुद्धा गाण्याच्या मापाने.

युरोपात मात्र गेल्या अडीचशे वर्षांत वाद्यसंगीताने ग्रीक पुराणांचा पुष्कळ आश्रय घेतला. इ. स. १७८० नंतरच्या दशकात डिटर्सडॉर्फ ह्या रचनाकाराने ओव्हिड कवीच्या 'मेटामॉर्फसिस' ह्या काव्यातील रूपांतरकथांवर बारा सिंफनी रचिल्या. त्यांपैकी सहा आज पूर्ण उपलब्ध आहेत. एकीत अशी कथा आहे : तहानेने व्याकुळ झालेली एक देवता दोन तान्ही बालके घेऊन तळ्याशी येते, गावचे शेतकरी तिला पाणी न देता चिखल ढवळून ठेवतात, ती शाप देते आणि ते बेडूक होतात. बीथोव्हेनने इ. स. १८०१ मध्ये स्वर्गातील अग्नी चोरणाऱ्या प्रॉमीथ्यूसवर नृत्यनाट्याचे संगीत रचिले. लिस्टने इ. स. १८५४ मध्ये, गाण्याने पशूंना आणि वृक्षांनाही मोहविणाऱ्या ऑर्फ्यूसवर वाद्यवृंदाचे एक काव्यच लिहिले. इ. स. १९१३ मध्ये फ्रेंच रचनाकार देब्यूसी ह्याने एकट्या बासरीसाठी 'सिरिंक्स' ही चिमुकली रचना केली. तिच्या मागची कथा प्रसिद्ध आहे. बकऱ्याचे पाय असलेला पॅन हा गुराखी-मेंढक्यांचा देव सिरिंक्स नावाच्या वनकन्येच्या मागे लागतो. ती पळत नदीकाठी येते आणि बोरूच्या बेटात बदलून जाते. त्या बोरूंतून वाऱ्याची फुंकर कण्हत जाते. तेव्हा पॅन ते बोरू कापून, मेणाने जुळवून त्यांचा पावा करतो. जी हाती लागली नाही ती अशी त्याच्या ओठांवर राहिली!

आता ह्या साऱ्या रचनांना एक प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारणाराही निघाला. लिस्टचा 'ऑर्फ्यूस' ज्या वर्षी लोकांपुढे आला, त्याच इ. स. १८५४ मध्ये हान्स्लिक नावाच्या व्हिएन्नाच्या टीकाकाराने एक लहानसे पुस्तक काढून असे प्रतिपादिले की, संगीताचा आशय म्हणजे गतिमान स्वराकृती. त्यापलीकडे कथा, चित्र, व्यक्ती असे त्यात काही नसते. त्याचे म्हणणे सहज उडवून देण्याजोगे नाही. डिटर्सडॉर्फच्या सिंफनीवरील नाव झाकून ती ऐकविली, तर तीत बेडूक आहेत हे कोण ओळखील? देब्यूसीच्या बासरीत विरह आहे हे पटेल. परंतु नदी, बोरू आणि बकऱ्याचे पाय हे कोठून येणार? लिस्टने आपल्या रचनांना गद्य प्रस्तावना जोडल्या त्या उगीच नव्हेत.

माझ्या मते ह्या वादाचा निकाल डेल्फायच्या त्या वादनातच आहे. साकादासाचे श्रोते पायथनची कथा आईच्या मांडीवर ऐकलेले होते. ज्या जागी सर्प मेला असे ते मानीत, त्याच जागी ते बसले होते. आणि रचनेचे नावही त्यांस ठाऊक होते. वाद्याने त्यांना कथा सांगितली नाही. त्यांच्या मनात निजलेली कथा वाद्याने जागी केली. इतवारीतील त्या पोराचेही असेच आहे. त्याला पूतना आधीच ठाऊक असते. तात्पर्य, निःशब्द नाद कथा सांगावयास असमर्थ आहे, परंतु आठवण करून देण्यात त्याच्यासारखा समर्थ कोणी नाही. मात्र त्याला एक अट आहे : वाजविणारा आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये काहीतरी सामाईक ठेव असली पाहिजे.

ही अट ध्यानात ठेवून आपण आता आपल्या देशाकडे वळू. ग्रामोफोनची तबकडी हिंदुस्थानात इ. स. १९०२ पासून उतरू लागली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटांचे वादन मावत असे. एवढ्या वेळात मोठमोठ्या गवयांनी राग उभा करून दाखविला हे त्यांचे सामर्थ्य. परंतु आरंभ, मध्य आणि शेवट असलेली कथा एवढ्या जागेत मावणार कशी? इ. स. १९४८ मध्ये अमेरिकेत मंद गतीने फिरणारी लाँग प्ले तबकडी निघाली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पुढे ती आपल्याकडेही आली.

ह्या नव्या जागेचा उपयोग ज्याने ओळखला, तो मनुष्य नागपूरकडचा होता. जी. एन. जोशी हे कायद्याची पदवी घेतलेले गृहस्थ. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे ह्यांचे 'रानारानात गेली बाई शीळ' हे गीत त्यांनी इ. स. १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तबकडीवर गायिले आणि ते महाराष्ट्रभर गाजले. मराठी भावगीताच्या इतिहासात त्या तबकडीला आरंभीचे स्थान आहे. कवी वऱ्हाडातला, गायक नागपूरकडचा, आणि गीताचा विषय रानातून येणारी शीळ. इ. स. १९३८ मध्ये जोशी मुंबईस हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या अधिकारावर गेले आणि पुढे तीस वर्षांच्या आसपास देशातील थोर थोर गवयांचे आवाज त्यांच्या देखरेखीखाली तबकडीवर उतरले.

भावगीत म्हणजे शब्दाचे राज्य. तेथे स्वर शब्दाची पालखी वाहतो. अशा गीतांवर ज्याची कीर्ती उभी, त्याच माणसाने इ. स. १९६७ मध्ये शब्दाला पूर्ण रजा देऊन एक कथा तबकडीवर घातली. तिचे नाव 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे दरीची हाक. कथा अगदी साधी. काश्मीरच्या खोऱ्यातील एक मेंढपाळ, त्याचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस, आणि त्याची प्रिया. पॅन हा मेंढक्यांचा देव. आपला मुरलीधर गाई राखणारा. रानात कळप चारणाऱ्या माणसाच्या हाती पावा द्यावयाचा, ही कल्पना ग्रीकांना जशी सुचली तशी आपल्यालाही सुचली होती. त्यासाठी कोणी कोणाकडून उसने घेतले असे मानण्याचे कारण नाही. कळपामागे सारा दिवस एकटा हिंडणारा माणूस दुसरे करील तरी काय?

ह्या ध्वनिमुद्रिकेसाठी जे तीन वादक निवडले ते त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि प्रत्येकाच्या वाद्यासंबंधी जाणकारांच्या मनात काही ना काही शंका होती. जम्मूचे शिवकुमार शर्मा संतूर वाजवीत. ते काश्मिरातील सूफियाना गायकीच्या साथीचे वाद्य. तारांवर कलमांनी आघात करावयाचा. स्वर सुटा पडतो. मग मींड निघणार कोठून आणि राग दिसणार कसा, असा आक्षेप होता. शर्मांनी तारांची मांडणी आणि जुळणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि चिकाटीने ते मैफलीस आणले. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा हवाईयन गिटार वाजवीत. ते तर सरळसरळ परके वाद्य. परंतु काब्रा हे अली अकबर खाँ ह्यांचे शिष्य, आणि तारेवरून पोलादी कांडी सरकवून त्यांनी गिटारीतून तीच मींड काढली, जी संतूरला साधत नव्हती. तिसरे अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया. त्यांच्या बासरीला पन्नालाल घोष ह्यांनी मोठा बांस देऊन मैफलीचा मान मिळवून दिला होता. परंतु घोष इ. स. १९६० मध्ये निवर्तले आणि ती गादी चालविण्याचा भार तरुणांवर येऊन पडला होता. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते.

ह्या निवडीतील मर्म ऐकताना कळते. संतूरचा स्वर दवाच्या थेंबासारखा तुटून पडतो. गिटारीचा स्वर घसरत, लांबत जातो. बासरीचा स्वर श्वासावर तरंगतो. एकाचे जे न्यून ते दुसऱ्याचे धन. एकेकट्याविषयी जो संशय होता तो तिघांच्या संगतीत नाहीसा होतो. म्हणून ह्या तबकडीत केवळ मेंढपाळाची कथा नव्हती. तीन संशयित वाद्यांना घर मिळण्याची कथाही तीत होती.

आता आपली ती अट आठवा. ह्या मेंढपाळाची कथा कोणत्याही पुराणात नाही. ती आईने कोणास सांगितलेली नाही. मग येथे सामाईक ठेव कोणती? माझे उत्तर असे की, ती ठेव म्हणजे रागाची वेळ. तबकडीचा आरंभ अहीर भैरवाने होतो. हा पहाटेचा राग, आणि त्याच्या नावातच अहीर, म्हणजे गुरे राखणारा, उभा आहे. त्यातून वादक नट भैरवात जातात. अहीर भैरवातील कोमल रिषभ आणि कोमल निषाद तेथे शुद्ध होतात. दरीतला अंधूक उजेड जरा वर यावा तसे काहीसे कानांना वाटते. पुढे दुपार कलल्यावर पिलू येतो, त्याची ती लाडिक हुरहूर घेऊन. मग सायंकाळी पाच स्वरांचा, मध्यम-निषाद टाकून दिलेला निर्मळ भूप. रात्र पडल्यावर देस; आणि शेवटी डोंगराचेच नाव धारण करणारा पहाडी, ज्यात प्रियजनांची भेट होते. युरोपीय रचनाकाराला जे प्रस्तावना लिहून सांगावे लागले, ते येथे रागाच्या नावाने आणि प्रहराने सांगितले. ओव्हिडच्या काव्याचे काम आपल्या दिनमानाने केले.

कोणी म्हणेल, राग हा स्वयंपूर्ण असताना त्याला मेंढपाळाच्या दावणीस कशाला बांधावयाचे? हान्स्लिकचाच हा आक्षेप देशी वेषात आला आहे, आणि तो काही अंशी खरा आहे. एकेका रागास येथे थोडीच मिनिटे मिळतात. विलंबित विस्ताराचे गांभीर्य शोधणाऱ्याची येथे निराशा होईल. ही तबकडी म्हणजे मैफल नव्हे. परंतु मैफलीस जो कधी गेला नसता, अशा पुष्कळ माणसांना तिने दारापर्यंत आणले. तिला भाषा नव्हती, म्हणून तिला देशाची सीमाही राहिली नाही. परदेशांत ती मोठ्या आवडीने ऐकली गेली, आणि इ. स. १९९५ मध्ये सीडीच्या रूपाने पुन्हा निघाली. संतूर आणि बासरीची ती जोडी पुढे शिव-हरी ह्या नावाने चित्रपटांतही गाजली. काब्रा इ. स. २०१८ मध्ये आणि शर्मा इ. स. २०२२ मध्ये कालवश झाले. पण संतूर हे रागसंगीताचे वाद्य आहे काय, असे आता कोणी विचारीत नाही.

तथापि ह्या यशाहून महत्त्वाची अशी एक गोष्ट सांगून मी हे भाषण पुरे करणार आहे. ग्रामोफोनने आपल्या संगीतावर जसा उपकार केला, तसा एक आघातही केला. त्याने रागाची वेळ मोडली. भैरव रात्री लावावा, देस सकाळी लावावा. तबकडी तक्रार करीत नाही. पूर्वी ही वेळ मंदिरातील पूजेने आणि गुरूच्या धाकाने सांभाळली होती. नंतर ते काम बऱ्याच अंशी रेडिओने केले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हापासून सकाळच्या सभेत सकाळचे राग आणि रात्रीच्या सभेत रात्रीचे राग ऐकून, शास्त्राचे एक अक्षरही न शिकलेल्या कुटुंबांना कोणता स्वर कोणत्या उजेडाचा, हे नकळत उमगत गेले. आज हवे ते, हवे तेव्हा, हातातल्या यंत्रावर ऐकावयास मिळते. सोय मोठी आहे. परंतु त्या सोयीबरोबर ती सामाईक ठेवही थोडी थोडी खर्च होत आहे. ज्याच्या कानास अहीर भैरव म्हणजे पहाट असे वाटत नाही, त्याला ह्या तबकडीत मधुर नाद मिळेल. मेंढपाळ मिळणार नाही. पायथनची कथा विसरलेल्या माणसास साकादासाचे वादन जसे नुसते दोन नळ्यांचे कसब वाटले असते, तसेच हे.

जोशी ह्यांनी केले ते नेमके ह्याच्या उलट. ज्या यंत्राने प्रहर मोडले, त्याच यंत्राच्या चाळीसेक मिनिटांत त्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा क्रम पुन्हा लावून ठेवला. तेव्हा श्रोतेहो, ही ध्वनिमुद्रिका आपल्या संग्रही असल्यास तिचा उपयोग असा करून पाहावा. प्रथम ती सलग ऐकावी. मग एखाद्या सुटीच्या दिवशी तिचे तुकडे करावेत : अहीर भैरव दिवा मालवण्यापूर्वीच्या पहाटे, पिलू दुपारच्या चहाच्या वेळी, भूप तिन्हीसांजेला, देस जेवणे आटोपल्यावर, आणि पहाडी सर्व निजानीज होण्याच्या सुमारास. घरातील मुलांना कथा आधी सांगू नये. रात्री त्यांनाच विचारावे की, आज दिवसभर हा माणूस काय करीत होता. उत्तर आले तर ठेव अद्याप शाबूत आहे असे समजावे. न आले तर ती पुन्हा जमविण्यास दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपासूनच आरंभ करावा.